माजघरातला प्रिंटर आणि नवा राउटर

शुक्रवारी नवा राउटर बसला आणि रविवारी संध्याकाळी आईंचे अभंग छापायचे अडले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या भजनी मंडळातल्या निम्म्याजणींची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, म्हणून दर एकादशीला मी अभंग २४च्या अक्षरात टाइप करून देते. एका पानावर एकच मावतो. एक प्रत घरी छापायची आणि बाकीच्या कोपऱ्यावर झेरॉक्स करून आणायच्या, असं ठरलेलं. या वेळी पानं होती चौदा, आणि लॅपटॉपवर प्रिंटरच्या नावापुढे ‘ऑफलाइन’.

आमचा प्रिंटर साधा यूएसबीचा, त्यात वाय-फाय नाही. माजघरातल्या जुन्या डेस्कटॉपला तो जोडलाय आणि तिथून शेअर केलाय. वरच्या खोलीतून मी आणि लेक २०१९ पासून तसंच छापतो.

“अगं, शाई संपली असेल,” आई म्हणाल्या.

मी खाली जाऊन डेस्कटॉपवरूनच टेस्ट पेज काढलं. स्वच्छ आलं. त्या एका पानाने शाई, कागद, केबल, प्रिंटर सगळे सुटले. अशा वेळी बरेच जण आधी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकत बसतात आणि त्यात तास जातो. आधी हे एक पान काढून बघा, असं मी कळकळीने सांगेन.

आता राहिली मधली वाट. दोन्ही मशीनवर इंटरनेट चालू होतं, त्यामुळे नेटवर्क ठीक आहे असं वाटतं, आणि इथेच माणूस चुकतो. इंटरनेटसाठी प्रत्येक मशीनला राउटर भेटला की पुरतं. छपाईला मात्र माझ्या लॅपटॉपला राउटरमार्गे घरातल्याच दुसऱ्या मशीनपर्यंत जावं लागतं, आणि त्या मशीनने त्याला आत घ्यावं लागतं.

डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता त्याने कळतो. पत्ता आला १९२.१६८.१.४. लॅपटॉपवर प्रिंटर जोडलेला होता १९२.१६८.०.१०५ या पत्त्याला. जुना राउटर घरात ०च्या मालिकेतले पत्ते वाटायचा, नवा १च्या मालिकेतले वाटतो. म्हणजे शुक्रवारपासून लॅपटॉप ज्या घराचं दार वाजवत होता, तिथे कुणी राहतच नव्हतं.

मग लॅपटॉपवरून नव्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे पलीकडून ओ येते का ते पाहिलं. चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. पत्ता बरोबर, तरी आतून ओ नाही. हे कोडं डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये सुटलं. नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी अनोळखी जागा, आणि त्या नेटवर्कचं प्रोफाइल ‘पब्लिक’ झालं होतं. पब्लिक असताना मशीन शेजारच्या मशीनना दिसत नाही आणि शेअरिंगही बंद ठेवतं. एसटी स्टँडवरच्या किंवा लॉजवरच्या वाय-फायला हेच हवं. आपल्या माजघरात नको. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ केलं, पुन्हा पिंग केलं, आणि चार ओळींत चार उत्तरं आली. इतकं बरं वाटलं!

या टप्प्यावर फायरवॉलच, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरीच, बंद करा असा सल्ला हमखास मिळतो. करू नका. एका खोलीत जायला घराची सगळी दारं सताड उघडायची गरज नसते. ‘होमग्रुप बनवा’ असंही अजून सापडतं, पण घरातल्या मशीनमध्ये शेअरिंग करायची ती सोय विंडोज १० मधून २०१८ सालीच काढली आहे.

प्रिंटर पुन्हा जोडताना मी आकड्यांचा पत्ता टाळला आणि डेस्कटॉपचं नाव वापरलं. पत्ता राउटर बदलला की बदलतो, नाव तेच राहतं. डेस्कटॉपने पासवर्ड मागितला. जुना पत्ता होता तेव्हा तो लॅपटॉपच्या लक्षात होता, नव्या नावाला पुन्हा द्यावा लागतो. इथे चार आकडी पिन चालत नाही, डेस्कटॉपवरच्या खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आमचा तो दूधवाल्याच्या डायरीच्या मागच्या पानावर होता.

तरी एक गाठ उरलीच. लॅपटॉपवर जुन्या पत्त्याने जोडलेल्या प्रिंटरच्या रांगेत संध्याकाळपासून पाठवलेल्या नऊ प्रती अडकल्या होत्या, आणि रद्द केल्या तर ‘डिलीटिंग’ लिहून तिथेच बसल्या. लॅपटॉपवर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सेवा, थांबवला. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, स्पूल असं आत गेलं की ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर आहे. त्यात प्रत्येक कामाच्या दोन-दोन फायली, एक एसपीएल आणि एक एसएचडी. फोल्डर राहू दिलं, आतल्या फायली काढल्या, स्पूलर पुन्हा सुरू केला. रांग मोकळी झाली आणि जुन्या पत्त्याची ती ऑफलाइन नोंद प्रिंटरच्या यादीतून काढून टाकली.

डेस्कटॉपचं आपोआप झोपी जाणंही बंद केलं, कारण तो झोपला की वर लगेच ‘ऑफलाइन’ येतं.

साडेनऊला वरून प्रिंट दिलं आणि जिन्यातच मला खालून कागद ओढल्याचा आवाज आला. आई प्रिंटरपाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. एकेक पान दोन्ही हातांत धरून दिव्याकडे नेत होत्या, पहिली ओळ पुटपुटत होत्या आणि खाली ठेवत होत्या. सातव्या पानावर थांबल्या.

“अगं, इथे वेलांटी दीर्घ हवी. दुरुस्त करून एवढं एक पान परत देतेस?”

मी वर गेले, वेलांटी बदलली आणि पान पाठवलं.