आईचा टूडी एको आणि १.३ हा आकडा

आईच्या कपाटात २०११ सालचा टूडी एकोचा, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीचा, रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. गेल्या महिन्यात नवा रिपोर्ट हाती आला, तेव्हा ती दोन्ही पाने शेजारी ठेवून मी वाचायला बसलो. जुन्या पानावर मिट्रल झडपेचे (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेचे) क्षेत्रफळ १.४ चौरस सेंटिमीटर आणि पुढे ‘मॉडरेट’ असा शेरा होता; नव्या पानावर क्षेत्रफळ १.३ आणि शेरा ‘सिव्हिअर’. तेरा वर्षांत ०.१ चा फरक पडला, आणि तेवढा फरक तर दोन तपासनिसांच्या मोजणीतही पडू शकतो, मग आजार मध्यमावरून गंभीरावर कसा गेला, हे गणित मला जुळेना.

झडप होती तेवढीच होती, मोजपट्टी बदलली होती. निरोगी मिट्रल झडप उघडली की ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांच्या पूर्वीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही वाट १ च्या खाली गेली तरच झडपेचे आकुंचन (वाट अरुंद होणे, हाच आईचा आजार) गंभीर मानले जाई आणि १ ते १.५ हा पट्टा मध्यम समजला जाई. २०१४ च्या सूचनांत १.५ किंवा त्याहून कमी क्षेत्रफळ गंभीर आणि १ किंवा त्याहून कमी अतिगंभीर ठरले, कारण धाप लागण्यासारखी लक्षणे साधारणपणे १.५ च्या आसपासच सुरू होतात आणि फुग्याने झडप रुंदावण्याचा विचारही तिथूनच करता येतो. एका अर्थी आई २०११ सालीही आजच्या ‘गंभीर’ गटातच होती. हे कळल्यावर मला आधी बरे वाटले, आणि मग तेवढे बरे वाटले नाही.

लहानपणी तिला ताप येऊन गुडघे, घोटे, मनगटे आळीपाळीने सुजत आणि आजी लेप लावून तिला निजवीत असे. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर येणारा हा ताप सांधे सोडून जातो, पण झडपेच्या पाळ्या, म्हणजे उघडमिट करणारे तिचे पडदे, जाड होत आणि कडांशी चिकटत राहतात, आणि त्याचा त्रास बहुधा कितीतरी वर्षांनी जाणवतो.

नातेवाइकांच्या फोनवर मात्र सारी चर्चा ईएफभोवती फिरत होती. ‘साठ टक्के आहे ना? मग हृदय ठणठणीत आहे,’ असे मला निदान पाच जणांनी सांगितले. ईएफ म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर फेकले जाते ते प्रमाण. आईच्या आजारात अडथळा त्या कप्प्याच्या आधी आहे. मोट शाबूत आहे, विहिरीचा झरा बारीक झाला आहे. अशा वेळी मोटेची तारीफ करून काय उपयोग? झऱ्यामागे तुंबलेले रक्त वरच्या डाव्या कप्प्याला ताणते (आईचा कप्पा ४६ मिलिमीटर झाला आहे, बायकांमध्ये साधारण ३८ पर्यंत ठीक मानतात) आणि तोच दाब मागे फुप्फुसांत जातो. रिपोर्टमधला फुप्फुसाच्या धमनीचा ४६ हा दाब थेट मोजलेला नसतो, हेही मला नव्यानेच कळले. उजव्या बाजूच्या झडपेतून गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ३.२ मीटर भरला. त्याचा वर्ग करून चारने गुणले की ४१ येतात, आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब म्हणून ५ मिळवलेले असतात.

सर्वांत जास्त गोंधळ ग्रेडियंटने घातला. एकाच महिन्यात दोन ठिकाणी एको झाला. पहिल्या ठिकाणी झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक १३ आला, दुसऱ्या ठिकाणी ७. पहिले यंत्र बिघडलेले असावे, असा निकाल घरात लागूनही गेला. पण दोन्ही पानांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाडी छापलेली होती: पहिल्या दिवशी १०४, दुसऱ्या दिवशी ७२. पहिल्या दिवशी आई ‘तपासणी आहे’ म्हणून उपाशी आणि सकाळची गोळी न घेता आली होती, आणि लिफ्ट बंद असल्याने दोन जिने चढली होती. साध्या एकोला उपाशी राहावे लागत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. वरच्या कप्प्यातून खाली रक्त उतरते ते हृदय सैल पडलेले असताना, आणि ठोके वाढले की प्रामुख्याने हाच सैल पडण्याचा काळ आखडतो. तेवढेच रक्त कमी वेळात त्याच अरुंद वाटेने न्यायचे तर दाब वाढणारच. ठोके कमी ठेवणारी गोळी तिला का दिली आहे, तेही याच दोन आकड्यांनी मला समजले. क्षेत्रफळ मात्र दोन्हीकडे १.३ च होते. ते काढण्याची एक रीत नॉर्वेच्या लिव्ह हॅटले यांच्या कामातून रूढ झाली: दाबातला फरक निम्म्यावर यायला किती मिलिसेकंद लागतात ते पाहायचे आणि २२० ला त्या आकड्याने भागायचे. आईचे १६९ होते.

जाता जाता, १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधण्याचे यंत्र उसने आणून हृदयाचा पहिला प्रतिध्वनी टिपला, तेव्हा एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी मिट्रल झडपेचीच अवस्था जाणून घ्यायची होती. या तपासणीचा जन्मच आईच्या आजारासाठी झाला म्हणा ना.

‘ट्रेस एआर’ या शब्दांनी आई दोन रात्री झोपली नाही. ती महाधमनीच्या झडपेतली नाममात्र गळती आहे, एवढे ऐकून तो विषय मिटला.

डॉक्टरांनी विचारले, ‘मावशी, दम लागतो का?’ आई ठामपणे ‘नाही’ म्हणाली. मग मला सांगावे लागले की गेली दोन वर्षे ती गच्चीवर वाळवण घालायला गेलेली नाही, आणि भाजी आता खालूनच वर मागवते. डॉक्टरांनी पेन उचलून रिपोर्टच्या कडेला काहीतरी लिहिले. विल्किन्स स्कोअर ७ आहे. पाळ्यांची हालचाल, जाडी, त्यांतील चुना आणि खालच्या दोऱ्यांची अवस्था यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात, आणि बेरीज ८ पर्यंत असली तर झडप फुग्याने उघडायला सहसा अनुकूल समजतात. मात्र त्याआधी वरच्या डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही याची खात्री हवी, म्हणून येत्या गुरुवारी अन्ननलिकेत नळी घालून करायचा एको ठरला आहे.

काल पिशवीत नवे पान ठेवताना आईने विचारले, ‘या वेळी तरी उपाशीच यायचं ना?’ या वेळी हो, आणि गोळीचे मी डॉक्टरांना आधीच विचारून घेतले आहे: ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आहे.