तुम्ही विचारलंत म्हणून: घराजवळ बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) कुठे करायचं?

मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो. विचारणारी बहुतेक वेळा कुणीतरी ताई असते, ग्रॅज्युएट आहे, मुलं शाळेत जायला लागलीत, काहीतरी करायचंय पण घर सोडून राहणं जमणार नाही. त्यात आम्ही सातारकर, एकीकडे पुणं एकीकडे कोल्हापूर, दोन्ही विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत आणि दोन्ही शंभर किलोमीटरच्या पुढे. रोज अप-डाउन करणारे करतात बाई, मी कुणाला सांगणार नाही. (मुंबईत माहेर असेल आणि तिकडे राहता येणार असेल तर चर्चगेटचं एसएनडीटी महिला विद्यापीठ बघाच.)

मग राहतं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. पदवी कुठल्याही शाखेची चालते, बी.लिब. एक वर्षाचं, त्यावर एम.लिब. आणखी एक वर्ष. डिस्टन्सची डिग्री चालते का, तर चालते, फक्त ज्या वर्षी अॅडमिशन घेताय त्या वर्षी तो कोर्स यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत आहे ना एवढं बघून घ्या. नाक्यावरच्या एजंटने "घरबसल्या डिग्री" सांगितली तर चहा पिऊन परत या.

पण खरी अडचण अंतराची नाहीच, प्रॅक्टिकलची आहे. थिअरी घरी रात्री वाचून होते. वर्गीकरण (पुस्तकाला विषयाचा आकडा देणं) आणि तालिकीकरण (पुस्तकाची नोंद करणं) मात्र हाताने करावं लागतं, म्हणजे समोर पुस्तकाचं नाव आहे, "महाराष्ट्रातील ऊस शेती" समजा, आणि तुम्ही ड्युईच्या, म्हणजे विषयांना आकडे देणाऱ्या वर्गीकरण पद्धतीच्या, तक्त्यांतून 633.61 शोधायचा, मग त्याला महाराष्ट्राचा आकडा जोडायचा, आणि हे परीक्षेत घड्याळ लावून. ड्युईच्या 23व्या आवृत्तीचे चार जाडजूड खंड आहेत, किंमत अशी की घरी कुणी विकत घेत नाही, रंगनाथनांची कोलन नावाची वर्गीकरण पद्धत वेगळीच. म्हणून मी म्हणते अॅडमिशनच्या आधी जवळच्या एखाद्या कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा, आठवड्यातून दोन दुपार बसून सराव करू द्याल का विचारा, शक्यतो जिथे कोहा किंवा सोल हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर चालू आहे अशीच लायब्ररी बघा. बहुतेक जण हो म्हणतात, आम्हालाही बारकोड चिकटवायला माणूस हवाच असतो! आणि अभ्यासकेंद्रात फोन करून स्पष्ट विचारा की प्रॅक्टिकलचे तास आणि परीक्षा इथेच होणार का दुसऱ्या गावी, कारण घराजवळ मिळालेलं केंद्र नुसतं फॉर्म भरण्यापुरतं असेल तर त्याचा काय उपयोग.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयातच काम करायचं असेल तर आधी जिल्हा ग्रंथालय संघाकडे सर्टिफिकेट कोर्सची चौकशी करा, पण तिथला पगार सरकारी अनुदानावर चालतो आणि तो फार कमी असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. शाळांमध्ये अर्धवेळ ग्रंथपालाच्या जागा असतात, त्या भरतीची वाट बघावी लागते. आणि सीनियर कॉलेज डोक्यात असेल तर बी.लिब.वर थांबून चालणार नाही, एम.लिब.ला 55 टक्के आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, तेव्हा दोन्ही वर्षांच्या फीचा हिशोब एकदमच मांडा.