प्रोस्टेटच्या लेझर शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे

माझ्या थोरल्या बंधूंची प्रोस्टेटची लेझर शस्त्रक्रिया गेल्या वर्षी पुण्यात झाली. तेव्हापासून नात्यातली आणि ओळखीची बरीच ज्येष्ठ मंडळी मला त्याविषयी विचारतात. बहुतेकांना खर्च किती आला आणि दुखते का, हे जाणून घ्यायचे असते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला पाहिजे, असे माझे मत झाले आहे, तो म्हणजे लेझरने त्या ग्रंथीचे नेमके काय करणार? लेझर हे साधन आहे आणि त्या एका साधनाने बऱ्याच वेगवेगळ्या शस्त्रक्रिया होतात.

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी तिचे वजन साधारण 20 ग्रॅम असते. चाळिशीनंतर तिचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो आणि मधून जाणारा मूत्रमार्ग दाबला जातो. धार बारीक होते, लघवी थांबत थांबत होते, होऊन गेल्यावरही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. ही वाढ कर्करोगाची नसते. शिवाय ग्रंथीचा आकार आणि होणारा त्रास यांचे प्रमाण सारखे नसते; मोठी ग्रंथी असूनही फारसा त्रास नसलेले गृहस्थ असतात आणि जेमतेम वाढलेल्या ग्रंथीने हैराण झालेलेही असतात.

‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून आपल्याकडचे पुरुष हा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढतात, याचे मला फार वाईट वाटते. अरुंद झालेल्या मार्गातून लघवी ढकलताना मूत्राशयाचे स्नायू आधी जाड होतात आणि पुढे थकतात. मग आत लघवी साठून राहते, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, काहींच्या मूत्रपिंडांवरही ताण येतो. मूत्राशय एकदा फार थकले की ग्रंथीचा अडथळा दूर करूनही लघवी पूर्ववत होईलच, याची खात्री राहत नाही. म्हणून सोनोग्राफीत ग्रंथी किती वाढली आहे एवढेच न पाहता, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते, तो आकडाही पाहावा. धारेचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री ही तपासणी अगदी साधी आहे, तीही करून घ्यावी.

आरंभी बहुतेकांना गोळ्याच दिल्या जातात आणि पुष्कळांचे त्यावर चांगले निभावते. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करते, त्याचा गुण काही दिवसांत जाणवतो. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड ग्रंथी आकसवते, पण त्याला काही महिने लागतात, आणि त्या काळात रक्तातील पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासण्यासाठी मोजतात त्या प्रथिनाचा, आकडा साधारण निम्म्यावर येतो. म्हणून ही गोळी चालू असल्याचे पीएसए पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना सांगावे. या वयात मोतीबिंदूही असतोच, तेव्हा आणखी एक सांगतो: टॅमसुलोसिनमुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याची बाहुली नीट उघडत नाही आणि बुबुळाचा पडदा सैल पडतो, तेव्हा नेत्रतज्ज्ञांना या गोळीची कल्पना आधी द्यावी, पूर्वी घेऊन बंद केली असली तरी द्यावी.

बंधूंचा औषधांवरचा काळ एका सर्दीने संपवला. सर्दीच्या काही गोळ्यांमधील, नाक मोकळे करणारे औषध मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळते, तर त्याच गोळीतले ॲलर्जीवरचे औषध मूत्राशयाचा जोर कमी करते. तशी गोळी घेतल्यावर त्यांची लघवी पूर्ण तुंबली आणि रात्री कॅथेटर घालावा लागला. नळी काढल्यावर ती पुन्हा तुंबली. तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला. त्यांची ग्रंथी 90 ग्रॅमच्या पुढे गेली होती.

दुर्बिणीतून विजेच्या तारेने ग्रंथी आतून तासून काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे टीयूआरपी, आजही चांगली मानली जाते आणि मध्यम आकाराच्या ग्रंथीसाठी ती पुरेशी ठरते. तिच्या जुन्या प्रकारात मिठाचे पाणी वापरता येत नसे, कारण त्यातून वीज वाहते. त्याऐवजी ग्लायसिनचे पाणी वापरत. शस्त्रक्रिया लांबली तर ते रक्तात शोषले जाऊन सोडियम घसरण्याचा धोका असे. मोठ्या ग्रंथीसाठी म्हणून पूर्वी पोट उघडावे लागे. लेझरमध्ये सलाइन, म्हणजे मिठाचे पाणीच वापरतात, त्यामुळे ही अडचण राहत नाही.

आता लेझरमधले प्रकार. हिरव्या लेझरचा प्रकाश 532 नॅनोमीटरचा असतो, तो रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि ग्रंथीच्या पेशींची जागीच वाफ होते. रक्तस्राव कमी होतो, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णांसाठी तो सोयीचा आहे. पण वाफ झालेल्या भागाची तपासणी करता येत नाही. होल्मियम लेझरची ऊर्जा पाणी शोषून घेते आणि ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जाते. हा लेझर वापरून वाढलेला भाग सबंध सोडवून काढण्याची पद्धत, होलेप, न्यूझीलंडमधील टाउरांगा येथे पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात विकसित केली. करवंटीतून खोबऱ्याची अख्खी वाटी सोडवावी, तसा ग्रंथीचा वाढलेला भाग बाहेरच्या आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात, तिथे एका यंत्राने त्याचे बारीक तुकडे करून ते ओढून घेतात आणि तपासणीला पाठवतात. थुलियम लेझरनेही अशीच शस्त्रक्रिया करतात. पोट न उघडता कितीही मोठी ग्रंथी काढता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. आणि सबंध वाढ निघत असल्याने पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते. हिची दुसरी बाजू अशी, की ती हातात बसायला सर्जनला काही डझन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. त्यामुळे आपण अशा किती केल्या आहेत, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. आम्ही विचारले, आणि त्यांनी शांतपणे सविस्तर सांगितले.

शस्त्रक्रिया पाठीत भूल देऊन झाली, कॅथेटर लवकर निघाला आणि धार पहिल्याच दिवशी सुधारली. पुढचे काही आठवडे मात्र सरळ गेले नाहीत. लघवीत अधूनमधून लाली येई, जळजळ होई, आणि लघवी लागली की थांबवत नसे. खोकताना थोडी गळतही असे. हे बहुतेकांचे हळूहळू थांबते आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शस्त्रक्रियेआधीपासून शिकून घेतल्यास मदत होते. भरपूर पाणी पिणे, कुंथायला लागू न देणे, जड उचलणे आणि दुचाकी टाळणे, ही पथ्ये घरच्यांनी आग्रहाने पाळवून घ्यावीत.

ज्याविषयी घरात कुणी बोलत नाही, तेही लिहितो. या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक पुरुषांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. त्याने अपाय होत नाही आणि लिंगाच्या ताठरतेवरही सहसा फारसा परिणाम होत नाही. परंतु पतिपत्नी दोघांनाही हे आधी माहीत असले पाहिजे, आणि ते सांगणे डॉक्टरांचे काम आहे. त्यांनी विषय काढला नाही, तर आपण काढावा.

बंधूंच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. तरीही ग्रंथीचे बाहेरचे आवरण शरीरात राहिलेले असते आणि कर्करोग बहुधा त्याच भागात होतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पीएसए पाहत राहावे लागते. वाढलेला भाग गेल्यावर हा आकडा बराच खाली येतो. तो नवा आकडा तारखेसह फाइलमध्ये लिहून ठेवावा आणि पुढचे प्रत्येक अहवाल त्याच्याशीच ताडून पाहावेत, प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेशी नव्हे.