निरगुडीच्या पेटंट अर्जात उगमस्थान लिहिताना

निरगुडीच्या पानांच्या अर्कावरचा अर्ज रसायनशास्त्रापाशी अडला नाही. अडला तो पाने कुठली, या एका ओळीपाशी. पेटंट कायद्याच्या कलम 10(4) प्रमाणे शोधात जैविक सामग्री वापरली असेल, तर तिचा स्रोत आणि भौगोलिक उगम स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनातच, सांगावा लागतो. ‘स्थानिक बाजारातून घेतली’ एवढ्याने भागत नाही. बाजार हा फार तर स्रोत झाला. उगम म्हणजे झुडूप वाढले ती जागा. आता मी वर्णनाच्या सुरुवातीलाच वेगळा परिच्छेद करतो : शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, गाव-तालुका-जिल्हा, तोडणीची तारीख, कोणाकडून घेतली.

नुसत्या मराठी नावावर विसंबू नये. शंखपुष्पी मागितली तर दुकानागणिक वेगळी वनस्पती हातात पडते. फुलाफळांसकट फांदी दाबून वाळवावी आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडून ओळख पटवून घ्यावी. पाने दळल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

मग फॉर्म 1, म्हणजे पेटंटच्या अर्जाचा नमुना. त्यात छापील घोषणा असते : भारतातली जैविक सामग्री वापरली आहे, आवश्यक परवानगी पेटंट मिळण्याआधी सादर करू. लागू नसलेल्या ओळी खोडण्याच्या भरात हीही खोडली जाते. स्पेसिफिकेशन म्हणते जुन्नर, फॉर्म म्हणतो भारतातले काही नाही; पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात आक्षेप ठरलेलाच. उत्तराला 6 महिने मिळतात, मागितल्यास आणखी 3.

फॉर्ममधल्या या परवानगीचे काम चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे. नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे कागद पाठवून लोक वेळ घालवतात. पेटंटचा विषय तिथला नाही. जैवविविधता कायद्यात 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराला पेटंट मिळण्याआधी प्राधिकरणाकडे नोंदणी पुरते. मंजुरी लागते ती उत्पादन बाजारात आणताना. मात्र सहअर्जदार अनिवासी असेल, पासपोर्ट भारतीय असला तरी, तर पेटंटआधीच मंजुरी हवी. न्यू जर्सीतल्या भावाचे नाव अर्जदार म्हणून प्रेमाने घालण्याआधी याचा विचार करावा. पेटंट कार्यालयाला परीक्षणाची विनंती करायला 31 महिने असतात म्हणून चेन्नईचे काम तोवर लांबवू नये. तो कागद आला नाही तर बाकी सगळे आक्षेप मिटूनही फाइल पडून राहते.

सगळ्यात अवघड भाग कलम 3(पी)चा : पारंपरिक ज्ञानावर पेटंट नाही. सांधेदुखीवर निरगुडी हे आजीलाही ठाऊक, आणि परीक्षकापाशी पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय, म्हणजे जुन्या ग्रंथांतल्या उपचारांचा शोधता येणारा संग्रह, असतो. ‘निरगुडीचा अर्क सूज कमी करतो’ हा दावा, म्हणजे ज्यावर हक्क मागतो ते विधान, उभाच राहत नाही. परंपरेत काय माहीत आहे ते स्वतःच आधी लिहावे, मग साध्या काढ्याशी तुलना करणारे आकडे द्यावेत आणि दावा विशिष्ट प्रक्रियेपुरता किंवा ठरावीक प्रमाणातल्या मिश्रणापुरता आवळावा. दोन माहीत असलेल्या वनस्पती एकत्र केल्या, एवढ्याने काम होत नाही. एकत्रित परिणाम बेरजेपेक्षा जास्त आहे, हे प्रयोगातून दिसावे लागते. समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानही कलम 25 खाली पेटंटला विरोध करायला पुरते.

उगम चुकीचा लिहिला तर मिळालेले पेटंटही कलम 64 खाली रद्द होऊ शकते. मे 2024 मध्ये जिनिव्हात झालेला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा करार यापेक्षा मवाळ आहे : फसवणुकीचा हेतू नसेल, तर केवळ उगमाची माहिती न दिल्याबद्दल पेटंट रद्द करू नये, असे तो म्हणतो. पण त्या भरवशावर इथला अर्ज लिहू नये. अमेरिकेत अर्ज केला की चेन्नईचे काम टळते, हाही गैरसमजच. सामग्री भारतातली असेल, तर जैवविविधता कायदा परदेशातल्या अर्जालाही लागू होतो.