गगनबावड्याच्या पावसाआधी हीटरचा पॅनल बदलला

कोल्हापुरात गाडीला हीटर कशाला, असं बरेचजण विचारतात. जुलैत कळे ओलांडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की उत्तर मिळतं. बाहेर धो धो पाऊस, आत चौघांचा श्वास, आणि पुढची काच आतून पांढरी. फडकं मारावं, तोवर पुन्हा वाफ धरते. अशा वेळी वारा काचेवर वळवणारी दांडी चालली नाही, तर गाडी बाजूला घेण्यावाचून इलाज नाही.

आमच्या जुन्या गाडीची नेमकी तीच दांडी गेली होती. ती सरकायची, पण वारा पायाकडंच. गरम-गारची दांडी तर मध्येच अडकलेली. या दांड्या ज्यावर बसतात तो नवा पॅनल कुठं मिळेना. शेवटी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मेस्त्रींनी त्याच मॉडेलच्या, भंगारात निघालेल्या गाडीचा पॅनल केबलींसकट मिळवून दिला. काम मात्र मला स्वतः करायचं होतं. ते शेजारी उभे राहायला तयार झाले, हा त्यांचा मोठेपणा.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग नॉब, गाण्यांचा टेप आणि मधली चौकट. स्क्रू निघाल्यावर चौकट ओढायला हात घातला, तसे मेस्त्री म्हणाले, "भावा, वडू नगोस. जुनं प्लॅस्टिक हाय, पापडागत मोडतंय. आन् केबली सोडायच्या आधी फोटो मार." फोटो काढले आणि प्रत्येक केबलीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली.

पॅनल पुढं आल्यावर दुखणं दिसलं. केबलीच्या काळ्या आवरणात स्टीलची तार असते. आवरण क्लिपनं घट्ट धरलेलं असेल तरच तार आत-बाहेर होते आणि हीटर बॉक्समधली, वाऱ्याची वाट बदलणारी झडप फिरते. आमच्या पॅनलवरचा क्लिपचा दात झिजला होता, त्यामुळं दांडी सरकवली की तारेऐवजी आवरणच हलायचं. दुसरी केबल आतून गंजलेली.

खरी मेहनत नवी केबल बसवण्यात. वरची दांडी पूर्ण गारवर ठेवायची, खाली झडपेची दांडी गारच्याच टोकाला दाबून धरायची, आणि त्याच स्थितीत आवरणावर क्लिप लावायची. इथं थोडी ढिलाई राहिली तर झडप पुरती मिटत नाही आणि एप्रिलच्या उन्हात गरम वारा आत येत राहतो. डॅशबोर्डखाली आडवं पडून, एका हातात टॉर्च धरून हे करताना मान भरून आली, पण झडप टोकाला टेकल्याचा 'टक्' आवाज आला तेव्हा फार बरं वाटलं. पॅनल उघडा होता तेवढ्यात पॅनलमागचा बल्बही बदलून घेतला.

चौकट लावण्याआधी इंजिन तापवून सगळ्या दांड्या तपासल्या. पंखा फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर बहुधा रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, गेलेला असतो. त्यासाठी पॅनल बदलू नका. काचेवर तेलकट थर आणि गोडसर वास येत असेल तर आतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गळतोय, तो आधी बघा.

आता घाटात वारा काचेवर, दांडी गरमवर आणि बाहेरची हवा चालू ठेवतो. एसीही सोबत लावतो, कारण तो हवेतली ओल काढून घेतो. काच भराभर मोकळी होते.