काठी नेत नाही, पट्टा सैल ठेवते

गल्लीतली कुत्री अंगावर आली तर काय करता, काठी नेता का, असं मला कुत्र्याला फिरवताना बघणारं कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

काठी नेत नाही. पट्टा सैल ठेवते. समोरून मोकळं कुत्रं दिसलं की आपला हात नकळत आखडतो. पट्टा ताणला की आपल्या कुत्र्याची मान वर जाते, छाती पुढे येते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. मोकळी कुत्री एकमेकांकडे सहसा सरळ चालून जात नाहीत. वळसा घेऊन कडेनं येतात, मध्येच जमीन हुंगतात, मग शेपटीखाली वास घेतात. पट्ट्यातल्याला यातलं काही करता येत नाही, पळताही येत नाही, म्हणून तो भुंकतो. तो वळसा मग आपणच घ्यायचा. लांबूनच रस्ता ओलांडायचा, मध्ये एखादी उभी गाडी येऊ द्यायची आणि चालत राहायचं. पळायचं मात्र मुळीच नाही.

प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. आमच्याकडे एक टोळी टपरीपासून भुंकत मागे येते आणि ट्रान्सफॉर्मरपाशी थांबते. तिथवर शांतपणे चाललं की झालं. भुंकणाऱ्यांची मला फारशी भीती वाटत नाही. शेपूट ताठ करून, तोंड मिटून एकटक बघणाऱ्यापासून मी लांब राहते. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, नरांची झुंबड उडते, तेव्हा मी ती वाटच सोडते. पुढे दोनेक महिन्यांनी पिल्लं होतात, तेव्हाही. व्यालेली कुत्री धावून आली तर तिचं काहीच चुकत नाही.

दगड उचलल्यासारखं वाकलं की कुत्री पांगतात, हे खरं. पण उद्या परत तिथूनच जायचं असतं. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी केंद्र सरकारनं केलेल्या २०२३च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेली कुत्री सहसा त्याच जागी परत सोडायची असतात. कानाला खाच असलेली दिसतात ना, ती हीच. म्हणजे हा शेजार कायमचा आहे, तो बिघडवून कसं चालेल? बिस्किटंही टाकू नका, दोन कुत्र्यांमध्ये खाणं पडलं की मारामारी ठरलेली.

तरीही कुणी चावलंच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आपल्या कुत्र्याला चावलं तरी, त्याची लस झालेली असली तरी, डॉक्टरकडे न्यायचंच.

राग येतो तो पाळलेलं कुत्रं मोकळं सोडणाऱ्यांचा. "आमचा काही करत नाही हो, त्याला फक्त खेळायचंय!" अहो, पण आमचा म्हातारा झालाय, त्याची कंबर दुखते, त्याला नाही खेळायचं. अशा वेळी मी भिडस्तपणा करत नाही. "आधी पट्टा लावा," असं मोठ्यानं सांगते आणि लावेपर्यंत दोघांच्या मध्ये उभी राहते.