तुम्ही विचारलंत म्हणून: हृदयासाठी पॉलिफेनॉलची गोळी घ्यावी का?

“पॉलिफेनॉल हृदयाला हितकारक असतात असे सगळीकडे वाचतो, मग त्यांची गोळीच सुरू केली तर काय बिघडले?” हा प्रश्न आहारतज्ज्ञ म्हणून मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणाला तरी नुकताच हृदयविकाराचा त्रास झालेला असतो आणि प्रश्नामागे खरी काळजी असते, त्यामुळे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होणे मला पटत नाही. माझे मत असे आहे की ही संयुगे अन्नातून भरपूर घ्यावीत, गोळीच्या वाटेला मात्र जाऊ नये. आणि या मताची कारणे विचारणाऱ्याला समजली पाहिजेत.

पॉलिफेनॉल हे एकाच पदार्थाचे नाव नव्हे. ऊन, कीड आणि बुरशी यांपासून बचाव करण्यासाठी वनस्पती जी संयुगे तयार करतात, त्यांपैकी आठ हजारांहून अधिक संयुगांचा हा गट आहे. चहा आणि कोको यांतील कॅटेचिन, कांदा व सफरचंद यांतील क्वेर्सेटिन, जांभळ्या-निळ्या फळांना रंग देणारी अँथोसायनिन, ऑलिव्ह तेलातील हायड्रॉक्सीटायरोसॉल ही सारी त्यातच येतात. अनेक वर्षे त्यांचे महत्त्व ‘अँटिऑक्सिडंट’ या एका शब्दात सांगितले गेले आणि गोळ्यांच्या डब्यांवर आजही तोच शब्द ठळकपणे छापलेला असतो. परीक्षानळीत ही संयुगे फ्री रॅडिकल्सना, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना, निष्प्रभ करतात हे खरे आहे. परंतु पोटात गेलेल्या पॉलिफेनॉलचा अगदी थोडा भाग मूळ रूपात रक्तापर्यंत पोहोचतो, आणि तेथे क जीवनसत्त्व व युरिक ॲसिड यांच्या तुलनेत त्याचे प्रमाण इतके कमी असते की रक्तातील ऑक्सिडीकरण ते थेट रोखत असेल ही शक्यता फारच कमी आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारी आपली सारणी 2012 मध्ये मागे घेतली, त्यामागे अशा आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही हेच कारण होते.

मग परिणाम होतो तो कोठे? रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर नायट्रिक ऑक्साइड तयार करतो. त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल होतात, वाहिनी रुंदावते आणि रक्त गोठवणाऱ्या कणिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती कमी होते. कोको, चहा आणि सफरचंद यांतील एपिकॅटेचिन या संयुगामुळे नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढते, आणि फ्लॅव्हनॉल (एपिकॅटेचिनच्या गटातील संयुगे) असलेला कोको प्यायल्यानंतर दोनएक तासांत दंडाची धमनी अधिक मोकळेपणाने रुंदावते हे सोनोग्राफीने मोजता येते. माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत भक्कम दुवा हाच आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2012 मध्ये दिवसाला 200 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलच्या बाबतीत रक्तवाहिन्यांच्या लवचिकतेचा दावा मान्य केला. रक्तदाबावरचा परिणाम मात्र बेताचाच आहे: 35 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कोक्रेन या संशोधन-संस्थेच्या 2017 मधील आढाव्यात ही घट सरासरी पाऱ्याच्या दोन मिलिमीटरहूनही थोडी कमी भरली. रक्तदाबाची गोळी बंद करून कोकोवर भिस्त ठेवण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा.

लहान आतड्यात जे शोषले जात नाही ते मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथील जिवाणू त्याचे लहान रेणूंत रूपांतर करतात. रक्तात पुढे फिरतात ते बहुतांशी हेच बदललेले रेणू. प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणू वेगळे असल्यामुळे एकाच मात्रेचा दोन माणसांवरील परिणामही वेगळा होतो, आणि अर्काच्या डब्यावर छापलेला मिलिग्रॅमचा आकडा आपल्या रक्ताविषयी फारसे काही सांगत नाही.

आता हृदयविकार खरोखर टळतो का, हा प्रश्न. नेदरलँड्समधील झुटफेन येथे 805 वृद्ध पुरुषांच्या आहाराचा अभ्यास झाला आणि 1993 मध्ये असे प्रसिद्ध झाले की चहा, कांदा व सफरचंद यांतून ज्यांना अधिक फ्लेव्होनॉइड (पॉलिफेनॉलचा एक मोठा उपगट) मिळत होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. हा निष्कर्ष मोलाचा आहे, परंतु फळे अधिक खाणारी माणसे इतर अनेक बाबतींतही वेगळे जगतात, म्हणून अशा निरीक्षणावरून कार्यकारणसंबंध ठरवता येत नाही. त्यासाठी यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी चाचणी, लागते, आणि तशी मोठी चाचणी, कॉसमॉस, अमेरिकेत झाली. 21,442 ज्येष्ठ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना दररोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल आणि उरलेल्यांना निष्क्रिय कॅप्सूल सुमारे साडेतीन वर्षे देण्यात आल्या. 2022 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण घटनांमध्ये 10 टक्के घट दिसली, पण ती योगायोगाने आलेली नाही असे म्हणता येण्याइतकी ठाम नव्हती. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू 27 टक्के कमी होते, हे आशादायक आहे. तथापि ते चाचणीचे मुख्य उद्दिष्ट नव्हते, आणि मुख्य उद्दिष्ट गाठले न जाता दुय्यम निष्कर्ष चांगला आला की तो दुसऱ्या चाचणीत तपासून घेईपर्यंत त्याच्या आधारे कोणाला गोळी सुचवणे मला उचित वाटत नाही. रेड वाइनमुळे प्रसिद्धी मिळालेल्या रेसव्हेरॅट्रॉल या पॉलिफेनॉलच्या बाबतीत तर तेवढाही आधार नाही: इटलीतील कियांती भागातल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात लघवीतील त्याच्या अंशाचा मृत्यू वा हृदयविकार यांच्याशी काहीच संबंध आढळला नाही.

अन्नाच्या बाजूने पुरावा अधिक वजनदार आहे. स्पेनमधील प्रेडिमेड चाचणीत सुमारे साडेसात हजार लोक होते. काही ठिकाणी गटवाटणीत त्रुटी आढळल्यामुळे तिचा अहवाल मागे घेऊन 2018 मध्ये नव्याने प्रसिद्ध करावा लागला, तरीही एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा सुकामेव्यासह भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू मिळून जवळजवळ 30 टक्के कमी होते. त्या तेलात आणि सुकामेव्यात पॉलिफेनॉल होते, तसेच असंपृक्त मेद आणि इतर घटकही होते, आणि यश नेमके कोणाचे हे वेगळे काढता येत नाही. खाणाऱ्याला ते वेगळे काढण्याची गरजही नाही, कारण ताटात हे सगळे एकत्रच येते.

गोळीने निदान अपाय तरी होणार नाही, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकते, आणि तो मला सर्वांत चिंताजनक वाटतो. ग्रीन टीच्या अर्कातून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतील मुख्य कॅटेचिन) घेतल्यास रक्तातील यकृताची विकरे (एन्झाइम) वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याचे लक्षण दिसू शकते, असा इशारा युरोपीय प्राधिकरणाने 2018 मध्ये दिला. रक्तदाबासाठी दिले जाणारे नॅडोलॉल ग्रीन टीबरोबर घेतल्यास रक्तात फारच कमी पोहोचते, आणि जेवणासोबतचा चहा अन्नातील लोहाचे शोषण घटवतो. म्हणून तुम्ही किंवा घरातील कोणी असा अर्क आधीपासून घेत असाल, तर तो डबा घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, मात्रा व घटक त्यांना दाखवा, आणि त्यांनी सांगितल्याखेरीज चालू औषधांत काहीही कमी-जास्त करू नका.